पिवळ्या नखांची साक्ष

माझ्या छातीतून नेमकं किती रक्त गेलं, याची आमच्या गावात तीन उत्तरं आहेत. बाळापूरच्या बाजारात मी सांगतो तेव्हा ते एक घागर भरतं. बायको सांगते तेव्हा एक तांब्या. आणि दवाखान्याच्या कागदावर जे लिहिलंय ते इतकं किरकोळ आहे की तो कागद मी आजवर कुणाला दाखवलेला नाही. पत्र्याच्या पेटीत, फवारणीच्या जुन्या पंपाच्या वॉशरांखाली घडी घालून ठेवलाय. पण आता लिहायलाच बसलोय, तर खरं तेवढंच लिहीन. म्हणजे, जवळपास.

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा लक्षात येईल. मी शेतकरी आहे, पण गावात मला त्यासाठी कुणी ओळखत नाही. कयाधूला पूर आला होता तेव्हा लोक म्हशीची शेपटी धरून पैलतीराला गेले. मी म्हशीला काखेत मारून गेलो, ही गोष्ट माझी. आमच्या विहिरीतल्या बेडकाला ट्रॅक्टरचा हॉर्न ओळखू येतो, हीही माझीच. सकाळी चहाच्या हॉटेलात मी बाकड्यावर बसलो की मालक आपणहून दुसरं पातेलं चढवतो.

त्यामुळे माघ महिन्यात एका सकाळी त्याच बाकड्यावर माझ्या छातीवर जेव्हा खरोखर कुणीतरी ज्वारीचं पोतं ठेवल्यासारखं झालं आणि मी म्हणालो, "छातीत दुखून राहिलंय," तेव्हा चौघंजण खदखदून हसले. एकानं विचारलं, "पोतं किती क्विंटलचं हाय?" मी उठून घरी गेलो आणि ओसरीवर बसलो. बायकोनं पाणी दिलं, वाट पाहिली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि ओसरीवरूनच शेजाऱ्याला हाक मारली, "जीप काढा! आवं, हे गप बसलेत!"

चौतीस वर्षांच्या संसारात तिनं मला घामाघूम पाहिलं होतं, तापानं फणफणलेलं पाहिलं होतं. गप बसलेलं पाहिलं नव्हतं. तेवढ्या एका लक्षणावर तिनं मला नांदेडला पोचवलं.

तिथं तपासणी झाली. हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबलेल्या. (बाजारात सांगताना पाच.) बायपास करावी लागेल, असं ठरलं. डॉक्टर पन्नाशीचे, आवाज इतका हळू की ऐकायला आपणच वाकावं लागायचं. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं: पायातली एक लांब शीर काढायची, तिचे तुकडे करायचे आणि हृदयावर नवे रस्ते म्हणून जोडायचे. गावात ही बातमी माझ्याआधी पोचली. हॉटेलातले चौघे घरी भेटायला आले आणि एकजण गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मंग आता काट्याकुट्यात हिंडताना छातीलाच चप्पल घालावी लागंल."

डॉक्टरांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनच्या पाच दिवस आधी बंद. ती बायकोनं अशी बंद केली की गोळ्यांचं पाकीट थेट देव्हाऱ्यात, कुलदैवताच्या टाकामागं ठेवलं. तिथून काढायची माझी काय टाप! दुसरं, भरती करून घेताना त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं, "याशिवाय काही औषध चालू आहे का? काढा, चूर्ण, झाडपाला, कुणी दिलेलं काही?"

मी म्हणालो, "न्हाई साहेब."

बायको म्हणाली, "न्हाई."

आणि आम्ही दोघं अगदी खरं बोलत होतो. माझ्या आयुष्यातल्या मोजक्या खऱ्या बोलण्यांपैकी ते एक. कारण आम्ही जे घेत होतो ते औषध नव्हतं. ती हळद होती. आणि आमच्या भागात हळद म्हणजे औषध नव्हे, पीक. पुण्या-मुंबईकडचे लोक ती काचेच्या बरणीतून चमच्यानं काढतात; आमच्याकडे ती ट्रॉलीनं मोजतात. माणूस सोयाबीन खातो म्हणून ते औषध होतं का?

आता यात माझे साडू येतात. बायकोच्या थोरल्या बहिणीचे मालक, हट्टा गावचे. आठ एकर हळद लावतात आणि उरलेल्या वेळात हळदीवर बोलतात. थापा मारण्यात मी मोठा. पण मी निदान थाप मारतोय हे मला माहीत असतं. साडूंचं तसं नाही. ते जे बोलतात त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास असतो, आणि असल्या माणसापुढे माझ्यासारख्याचं काही चालत नाही.

मला बघायला आले, लोडाला टेकले, आणि म्हणाले, "साडूभाऊ, मला एक सांगा. खुरपं लागलं तर आपण काय करतो?"

"हळद दाबतो."

"बैलानं शिंग मारलं तर?"

"हळद."

"लेकराचं ढोपर फुटलं तर?"

"हळदच की हो."

"काहून?"

"रक्त थांबतं."

"बराबर. वरून कापलं तर वरून लावतो. आता हे डॉक्टर तुमाला आतून कापणार. मंग आतून नको लावायला?"

गोठ्यातली गाय रवंथ करायची थांबली. या बोलण्याला भोकच नव्हतं. आमच्या घरात पदवी घेतलेली दोन माणसं आहेत. त्यांनीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी साडूंनी हट्ट्याहून ओल्या हळदीचं अर्धं पोतं पाठवलं. नुकतीच जमिनीतून काढलेली, मातीचा वास असलेली. सोबत निरोप: "मूठभर किसायची, वीस पाकळ्या लसूण ठेचायचा, गुळाच्या पाण्यात उकळायचं, दोन टायमाला तांब्याभर. लसूण सोबत गेला की तो हळदीला आतली वाट दाखवतो."

पंधरा दिवस मी ते प्यायलो. चव सांगायची तर, शिवारातली सगळी माती, चटणीचा दगडी खलबत्ता आणि एखादा म्हातारा तेली एकत्र उकळला तर जे होईल ते. घामाला हळदीचा वास यायचा. डास माझ्यावर बसायचे आणि उठून शेजारच्या खाटेवर जायचे. दवाखान्यात भरती झालो तेव्हाही ते थांबलं नाही. नातेवाइकांसाठी मागं खोल्या होत्या, तिथं बायको रोज किसायची, उकळायची आणि स्टीलच्या थर्मासातून वॉर्डात आणायची. नर्सनं एकदा विचारलंही, "मावशी, काय हाय?" बायको म्हणाली, "घरचं हाय, बाई." तेही खरंच होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचा शेवटचा तांब्या साडूंनी स्वतःच्या हातानं पाजला. हट्ट्याला त्यांची हळद, ती शिजवायच्या पिंपाएवढ्या कुकरमध्ये, शिजायला लागली होती, ऐन हंगाम, मजूर अंगणात. तरी तो सगळा पसारा मुलावर टाकून माणूस आला होता. हे मी विसरत नाही, आणि मला विसरू दिलंही जात नाही.

ऑपरेशन सकाळी झालं. त्याबद्दल मला काही सांगता येत नाही, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खंत. करवतीनं छातीचं हाड कापलं, हृदय थांबवलं, रक्त यंत्रातून फिरवलं, आणि या सगळ्या जत्रेला मी स्वतः झोपेत! गावात आता मी त्यावर दोन तास बोलतो, पण ते सगळं ऐकीव आहे.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन कललं होतं. साडेचार-पाच झाले असतील. पहिल्यांदा लक्षात आलं की मी जिवंत आहे. दुसऱ्यांदा लक्षात आलं की मला बोलता येत नाही. घशात नळी, तोंडाला चिकटपट्टी, यंत्र माझ्या वतीनं श्वास घेतंय. हात मऊ पट्टीनं पलंगाला बांधलेले. साठ वर्षं अखंड चाललेला रेडिओ कुणीतरी बंद केलेला!

शेजारी एक सिस्टर होती, तिशी-पस्तिशीची, ठणठणीत आवाजाची. "मामा, ऑपरेशन झालं बरं का. नळी हाय म्हणून बोलता येत न्हाई. घाबरू नका. मी सेनगावची हाय." सेनगावची म्हटल्यावर माझा निम्मा जीव खाली पडला. आपल्या भागातलं माणूस आहे. उद्या मेलो तर निदान नीट सांगेल तरी.

मग मला बाटली दिसली.

पलंगाच्या कडेला, खाली टांगलेली. माझ्या छातीच्या खालच्या बाजूनं दोन जाड नळ्या निघून तिच्यात गेल्या होत्या. बाटलीवर आकडे, आकड्यांशेजारी पांढरी चिकटपट्टी, आणि पट्टीवर सिस्टरनं पेनानं मारलेल्या रेघा. प्रत्येक तासाला एक रेघ, रेघेसमोर वेळ. ऑपरेशननंतर छातीत थोडं रक्त झिरपतंच, ते आत साठू नये म्हणून बाहेर काढतात, असं तिनं सांगितलं. पहिल्या रेघा जवळजवळ होत्या. नंतरच्या दोन रेघांमध्ये चांगलं चार बोटांचं अंतर. शेतकऱ्याला असलं मोजमाप शिकवावं लागत नाही. विहिरीचं पाणी चढतंय की उतरतंय, ते काठावरून कळतं. ही विहीर चढत होती.

डॉक्टर आले. रेघा पाहिल्या, नळ्या बोटांनी दाबत खाली ओढल्या, पडद्यावरचे आकडे पाहिले आणि बायकोला आत बोलावलं. काचेच्या दाराबाहेर साडू, काखेत मला शुद्धीवर आल्यावर पाजायला भरून आणलेला थर्मास. आत एकालाच परवानगी.

"मावशी, रक्त जितकं थांबायला पाहिजे तितकं थांबत नाहीये," डॉक्टर त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले. मी बांधलेला असूनही कान वाकवले. "दोन कारणं असू शकतात. एखाद्या टाक्याजवळून गळत असेल, तर छाती पुन्हा उघडून बघावं लागेल. किंवा रक्तच गोठत नसेल, तर त्याचा उपाय वेगळा. म्हणून नीट आठवून सांगा. ती गोळी नक्की बंद होती?"

"देवाच्या मागं ठेवली होती, साहेब. शपथ."

"दुसरं काही? काही लोक लसणाचा काढा पितात, जास्त हळद घेतात. चांगलं म्हणूनच घेतात. पण त्यानं रक्त गोठायला वेळ लागू शकतो. असं काही होतं?"

मी बायकोकडे पाहत होतो. 'लसूण' म्हटल्याबरोबर तिच्या डोळ्यांची पापणी थांबली. 'हळद' म्हटल्याबरोबर तिचे दोन्ही हात पदराखाली गेले. तिनं काचेबाहेरच्या थर्मासकडे पाहिलं, मग बाटलीकडे, आणि म्हणाली,

"न्हाई."

हे 'नाही' पहिल्या 'नाही'सारखं नव्हतं. पहिलं सरळ होतं. हे ओठांतून बाहेर पडलं आणि तिथंच अंग चोरून उभं राहिलं. तिला कळलं होतं. तिला कळलंय हे मला कळलं. आणि मला कळलंय हेही तिला कळलं असावं, कारण ती माझ्याकडे बघेना.

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. अर्धा तास बघतो. वेग असाच राहिला तर पुन्हा आत घेऊ."

पुन्हा आत! सकाळी करवत चाललेल्या हाडावर संध्याकाळी परत पक्कड, परत हाड शिवायच्या तारा. आणि जगात हे टाळू शकणारं एकच वाक्य होतं, ते फक्त मला आणि तिला माहीत होतं. ती बोलत नव्हती आणि मला बोलता येत नव्हतं. मी आयुष्यभर ज्या हजारो गोष्टी कुणी न विचारता सांगितल्या, त्यांतली एक परत घ्या आणि हे एक वाक्य सांगू द्या, अशी मी देवाशी घासाघीस सुरू केली. म्हैस परत करायला तयार होतो. बेडूकसुद्धा.

मी पलंग हलवला. सिस्टर धावली, "काय मामा? दुखतंय?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनं उजव्या हाताची पट्टी सोडली. मी हवेत थर्मासचं झाकण फिरवून दाखवलं.

"पाणी पाहिजे? आत्ता न्हाई देता येत."

मी कपाळाला बोट लावून घासलं, हळद-कुंकू लावतात तसं.

"डोकं दुखतंय?"

मी बोटांनी किसणीवर किसल्यासारखं केलं. सिस्टर विचारात पडली. "मामा, तबला वाजवता काय तुमी?"

एरवी मी हो म्हणालो असतो आणि एखादं बक्षीसही सांगितलं असतं. पण बाटलीत थेंब पडत होते. बायको पलंगाच्या कडेला उभी, हात अजून पदराखाली. मी हात लांब केला आणि पदरासकट तिचं मनगट धरलं.

"बघा मावशी," सिस्टरचा आवाज भरून आला, "मामांना तुमचा आधार पाहिजे. धरा हात, धरा."

हात धरायला माझी ना नव्हती, पण तो मला बाहेर काढायचा होता. मी ओढतोय, ती आत ओढतेय. छाती फाडलेला माणूस आणि त्याची बायको यांची रस्सीखेच! यंत्रं पीं पीं करायला लागली. सिस्टर ओरडली, "आवं मामा, प्रेम जरा हळू!" शेवटी तिची मूठ पदराबाहेर आली. मी तळवा उलटा केला, बोटं एकेक करून उघडली आणि सिस्टरच्या नाकासमोर धरली.

पाचही नखं झेंडूसारखी पिवळी. बोटांच्या पेरांना, रेघांमध्ये, नखांच्या कडेला, पंधरा दिवसांचा मुरलेला रंग. साबणानं जात नाही तो.

दुसऱ्या कुठल्या सिस्टरला त्याचा अर्थ लागला असता की नाही, मला शंका आहे. पण ही सेनगावची. हिच्या माहेरच्या अंगणात दर वर्षी हळद वाळत असणार. तिनं एकदा नखं पाहिली, एकदा माझ्या तोंडाकडे, आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "मावशी, ओली हळद किसली का? कवापासून?"

बायकोनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न थांबवला.

"पंधरा दिस," ती म्हणाली. "दोन टायमाला. तांब्याभर. लसूण बी हाय."

मग ती तशीच बाहेर गेली. काचेतून मला दिसलं, तिनं साडूंच्या काखेतून थर्मास उपसला. साडू काहीतरी म्हणाले. तिनं थोरल्या दाजींना आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं, ते मला ऐकू आलं नाही, पण साडू दोन पावलं मागं सरकलेले दिसले. ती परत आली आणि थर्मास डॉक्टरांसमोरच्या टेबलावर ठेवला.

"हे पाजलं, साहेब. मी पाजलं. माझ्याच हातानं."

डॉक्टरांनी झाकण उघडलं. त्या स्वच्छ, औषधी वासाच्या खोलीला अशी खमंग फोडणी बसली की पलीकडच्या पलंगावरच्या, दोन दिवस डोळे न उघडलेल्या पेशंटनं, देवाशपथ सांगतो, एक डोळा उघडला.

ते रागावले नाहीत. फोन उचलून त्यांनी रक्तपेढीला काहीतरी सांगितलं, मग बायकोला बसवलं. रक्तात चिकटणारे बारीक कण असतात, तेच जखमेवर बांध घालतात. ऑपरेशनच्या यंत्रातून फिरून ते आधीच दमलेले असतात. त्यात हा काढा पंधरा दिवस पोटात गेला असेल तर ते आणखी आळसावले असतील. "नक्की यानंच झालं असं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आता आधी नवे कण देऊन बघू. तासाभरात उतरलं तर उघडायची गरज नाही. हे सांगितलंत ते बरं केलं."

आणि आता तो प्रसंग, ज्याच्यामुळे आमच्या नात्यागोत्यात आजवर एकमत झालेलं नाही.

नवे कण आले. प्लास्टिकच्या पिशव्यांतून. सिस्टरनं एक पिशवी माझ्या डोक्यावर टांगली. मी वर पाहिलं. पिशवीतलं पाणी पिवळं होतं. अगदी फिक्या हळदीच्या दुधासारखं. ते कण असतातच तशा रंगाचे, सिस्टरनं नंतर सांगितलं. पण काचेबाहेर साडू उभे होते, आणि त्यांना सांगायला कुणी नव्हतं.

मी त्यांचा चेहरा बघत होतो. आधी तो पडलेला होता. मेहुणीनं थर्मास हिसकावल्याचं दुःख. मग त्यांची नजर पिशवीवर गेली. डोळे मोठे झाले. छाती पुढं आली. त्यांनी खिशातून फोन काढला, आणि काच जाड असूनही मला शब्द न् शब्द कळला, कारण साडू फोनवर बोलतात तेव्हा समोरच्याला फोनची गरज नसते:

"अरे ऐक! डॉक्टरनं थर्मास बघितला, वास घेतला, आन् शेवटी हळदच चढवली! डायरेक्ट शिरेतून! व्हय, आपलीच! गाळून घेतली असंल!"

मला हसू आलं. नळीमुळे ते बाहेर पडेना, छातीतल्या तारा ओढल्या गेल्या, डोळ्यांतून पाणी आलं. बायकोला वाटलं, मी घाबरून रडतोय. ती जवळ आली, आणि या वेळी तिनं आपणहून हात बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. पिवळा होता तसाच.

त्या तासाभरात आम्ही दोघं फक्त चिकटपट्टीकडे पाहत होतो. पिशव्या संपल्या, एक इंजेक्शन झालं. सिस्टर वाकली, बाटली डोळ्यांच्या रेषेत आणली, रेघ मारली.

"ऐंशी."

आधी तासाचा तो आकडा दोनशे मिलिलीटरच्या वर होता. बायकोला ऐंशीचा अर्थ कळला नाही. तिनं दोन रेघांमधल्या अंतरावर बोट ठेवून पाहिलं. दीड बोट. पुढच्या रेघेला एक बोट. त्याच्या पुढच्या रेघेला बोट मावेना. डॉक्टर आले, पट्टी पाहिली, म्हणाले, "आता उघडत नाही." एवढंच. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि त्यांना वाकून नमस्कार केला. ते संकोचून मागं सरकले आणि त्यांचा धक्का लागून थर्मास आडवा झाला. उरलेला काढा त्यांच्या पांढऱ्या कोटावर. तो डाग निघाला नाही, हे मी खात्रीनं सांगू शकतो. आमच्या शिवाराची हळद आहे ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घशातली नळी निघाली. सिस्टर म्हणाली, "मामा, हळूहळू बोला, आवाज बसलेला असतो." मी बायकोला जवळ बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य विचारलं, "काहून न्हाई म्हणलीस?"

ती माझ्या चादरीची घडी नीट करायला लागली.

"मला वाटलं, सांगितलं तर डॉक्टर म्हणतील, बाई, तूच मारलंस याला," ती म्हणाली. "पंधरा दिस मीच हलवत होते पातेलं. एकदा उतू चाललं होतं तर हात भाजून घेतला, पण सांडू दिलं न्हाई." मग तिनं मान वर केली. "आन् पहिल्यांदा विचारलं तवा तुमी बी न्हाईच म्हणले होते की!"

ती उठली, सिस्टरला म्हणाली, "बाई, हे परत गप बसलेत. जरा बघता का?"

घरी आलो तेव्हा पायावरची जखम अजून ओलसर होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येक म्हातारीनं कनवटीला हळदीची पुडी आणलेली. बायको दारात बसली होती. पुड्या काढून घ्यायची, डब्यात टाकायची, आणि मगच माणूस आत सोडायची. डॉक्टरांनी सांगितलंय, भाजीत चिमूटभर खा, कुणी अडवत नाही. तांब्यानं पिऊ नका, आणि प्यायलात तर लपवू नका. साडू मात्र सगळा दोष लसणावर टाकतात. लसूण त्यांच्या शेतात होत नाही.

थर्मास परत मिळाला नाही. तपासणीला गेलो तेव्हा तो डॉक्टरांच्या टेबलावर होता, धुऊन पुसून, पेनांच्या शेजारी. आता नवा पेशंट आला, काही काढा घेता का म्हटलं आणि तो 'नाही' म्हणाला, की डॉक्टर काही न बोलता थर्मास त्याच्यापुढे सरकवतात. "असलं काही?" मग लोक आठवायला लागतात म्हणे. साडूंना हे कळल्यापासून ते हट्ट्यात सांगत फिरतात की नांदेडचे मोठे डॉक्टर आमचीच हळद टेबलावर ठेवतात. यात खोटं काय आहे, ते मला अजून दाखवता आलेलं नाही.

मागच्या तपासणीला आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी वसमतकडचं एक जोडपं, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मी त्या गृहस्थाला माझी हकीकत सांगत होतो. रक्त घागरीवरून हौदापर्यंत गेलं होतं आणि तो चांगलाच पांढरा पडला होता. बायकोचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या बाईकडे बघत होती. बाईचे दोन्ही हात पदराखाली होते.

बायको तिच्याजवळ सरकली.

"बाई," ती म्हणाली, "हात दाखव बरं जरा."